एक लाखात तीन आठवडे व्हिएतनाम : पैसा कुठे जातो आणि कुठे वाचतो

नाशिकच्या दोन मैत्रिणींचा प्रश्न असा आहे : येत्या मार्चमध्ये तीन आठवड्यांची सुट्टी काढून, पाठीवर एकेक सॅक टाकून व्हिएतनाम हिंडायचे आहे. विमानाच्या तिकिटासह माणशी एक लाख रुपयांच्या वर जायचे नाही. दोघींपैकी एक पूर्ण शाकाहारी आहे. यादीत हनोई, सापा, हा जांग, हालाँग, निन्ह बिन्ह, फाँग न्हा, ह्युए, होई आन, न्या चांग, डालात, सैगॉन (म्हणजे आजचे हो ची मिन्ह शहर) आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश अशी बारा ठिकाणे आहेत. हे जमेल का, आणि हा जांगचा घाटरस्ता भाड्याची दुचाकी घेऊन स्वतः करावा का?

एक लाखात तीन आठवडे नक्की जमतात. त्या एक लाखात बारा ठिकाणे मात्र जमत नाहीत, आणि या दोन विधानांमधला संबंध नीट समजला तर बाकीचे नियोजन आपोआप सुटते. व्हिएतनाममध्ये राहणे आणि जेवणे इतके स्वस्त आहे की तिथे काटकसर करून फारसे काही हाती लागत नाही. खिसा रिकामा होतो तो मुक्काम हलवताना. प्रत्येक वेळी बस किंवा रेल्वेचे तिकीट, स्थानकापासून मुक्कामापर्यंतचे भाडे, नव्या गावात पहिल्या दिवशी दर माहीत नसल्यामुळे दिलेले जास्तीचे पैसे, आणि वेळ कमी म्हणून विकत घेतलेली एक दिवसाची तयार सहल, असा हा खर्च साठत जातो. सहा-सात मुक्काम असलेला प्रवासी आणि बारा मुक्काम असलेला प्रवासी सारख्याच खाटेवर झोपतात आणि सारखेच जेवतात, पण दुसऱ्याचा हिशेब वीस-पंचवीस हजारांनी सहज वाढतो, शिवाय त्याचे निम्मे दिवस खिडकीतून बाहेर पाहण्यात जातात.

आता हिशेब मांडू. सध्या एका रुपयाला साधारण ३०० डाँग मिळतात, म्हणून ‘तीन लाख डाँग म्हणजे हजार रुपये’ एवढे डोक्यात ठेवले की पुरे. मुंबईहून हनोई आणि सैगॉन या दोन्ही शहरांना थेट विमाने आहेत. हनोईला उतरून सैगॉनहून परतायचे, म्हणजे देशाची लांबी उलट मापावी लागत नाही. दोन-तीन महिने आधी घेतले तर जाण्यायेण्याचे तिकीट पंचवीस ते तीस हजारांत मिळते. व्हिसा आणि विमा धरून निघण्याआधीच सुमारे बत्तीस हजार संपतात आणि अडुसष्ट हजार उरतात. वसतिगृहातील खाट दीड ते अडीच लाख डाँग, तीन वेळचे जेवण आणि कॉफी दोन लाख, शहरातली ये-जा आणि किरकोळ खर्च एक-दीड लाख, असा दिवस सरासरी सहा लाखांत म्हणजे दोन हजार रुपयांत बसतो. एकवीस दिवसांचे बेचाळीस हजार झाले. गावोगावच्या प्रवासाला दहा हजार आणि प्रवेशशुल्क, होड्या, गुहा यांना सहा हजार धरले की हातात दहा हजार राहतात. या दहा हजारांचे काय करायचे, हाच तुमच्या प्रवासातला खरा निर्णय आहे, आणि त्याचा संबंध थेट हा जांगशी आहे.

हा जांग हा चीनच्या सीमेलगतचा चुनखडीच्या डोंगरांचा प्रदेश. तिथल्या डाँग व्हान पठाराला २०१० मध्ये युनेस्कोने भूउद्यानाचा दर्जा दिला आणि मा पी लेंग खिंडीतला रस्ता पाहायला जगभरातून लोक येतात. तो तुम्ही जरूर पाहावा, पण दुचाकी स्वतः चालवून नव्हे, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो आहे. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा परवाना मानतो. त्यामुळे तुमच्याजवळ भारतीय परवाना, आंतरराष्ट्रीय परवाना आणि दहा वर्षांचा सराव असला तरी तिथे नेहमी भाड्याने मिळणारी मोठी दुचाकी चालवताना कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विनापरवाना असता. भाड्याने देणारा हे विचारत नाही, कारण त्याला विचारायचे कारण नाही. विचारतो तो पोलीस, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे विचारते ती विमा कंपनी. परवाना वैध नसताना अपघात झाला तर प्रवास विम्याचा दावा फेटाळला जाण्याची शक्यता फार मोठी असते, आणि मोडलेल्या पायावर परदेशी इस्पितळात होणारा खर्च तुमच्या संपूर्ण प्रवासाच्या खर्चाच्या अनेक पट असू शकतो. १ जानेवारी २०२५ पासून तिथले वाहतुकीचे दंडही कितीतरी पटींनी वाढले आहेत.

यावर तिथे रुळलेला चांगला मार्ग म्हणजे स्थानिक चालकाच्या मागे बसून जाणे. हा जांग गावातून तीन दिवस-दोन रात्रींच्या फेऱ्या निघतात. चालक, इंधन, मुक्काम आणि जेवण धरून माणशी साधारण चाळीस ते पन्नास लाख डाँग, म्हणजे तेरा ते सतरा हजार रुपये पडतात. त्या तीन दिवसांच्या रोजच्या खर्चाचे सहा हजार वजा करा. निव्वळ वाढ सात ते अकरा हजारांची होते, म्हणजे तुमची जवळपास सगळी गंगाजळी संपते. म्हणून माझा सल्ला असा की हा जांग करायचे असेल तर सापा आणि हालाँग दोन्ही सोडा, आणि एक लाखाबाहेर वेगळे दहा हजार आजारपण किंवा चुकलेल्या विमानासाठी बाजूला ठेवा. ते शक्य नसेल तर हा जांग पुढच्या वेळी करा आणि त्याऐवजी कॅट बा बेटावर तीन दिवस राहा. हनोईहून बस आणि बोट असे एकत्र तिकीट मिळते, आणि बेटाला लागून असलेल्या लान हा उपसागरात हालाँगसारखेच पाण्यातून उठलेले डोंगर दिसतात, पण गर्दी आणि दर दोन्ही कमी. होडीत बसल्यावर जीवरक्षक जाकीट अंगात असलेच पाहिजे. १९ जुलै २०२५ रोजी हालाँगमध्ये अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून अनेकांनी जीव गमावला. मार्चमध्ये अशा वादळांची शक्यता कमी असते, पण सवय ऋतू बघून लावायची नसते.

मार्च तुम्ही चांगला निवडला आहे. हा देश उत्तर-दक्षिण इतका लांब आहे की त्याला एक हवामान नाही. उत्तरेत मार्चमध्ये गार हवा आणि बारीक बुरबुर असते, म्हणून एक गरम कपडा आणि पातळ रेनकोट हवा. मध्य किनारा कोरडा आणि सुखद असतो, आणि सैगॉनमध्ये मात्र आपल्या विदर्भासारखे नसले तरी घामाघूम करणारे ऊन असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विचारले असतेत तर मी ह्युए-होई आन टाळायला सांगितले असते, कारण तेव्हा तिथे मुसळधार पाऊस आणि पूर असतात. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत तेव्हा होड्या चालतात. तेतचा, म्हणजे त्यांच्या चांद्र नववर्षाचा सण मार्चच्या आधी संपलेला असतो, हेही सोयीचे. तेतच्या दिवसांत अर्धा देश गावी जातो, रेल्वेची तिकिटे महिनाभर आधी संपतात आणि खानावळी बंद असतात.

मार्ग मी असा आखला असता : हनोई, मग हा जांग किंवा कॅट बा, नंतर निन्ह बिन्ह, फाँग न्हा, ह्युए, होई आन आणि शेवटी सैगॉन. न्या चांग आणि डालात वगळल्याची खंत नको. समुद्रकिनारा तुम्हाला होई आनला मिळतो आणि थंड हवेचा डोंगर उत्तरेत. मेकाँगसाठी सैगॉनहून मिळणारी एक दिवसाची सहल मी कोणालाही सुचवत नाही, कारण तिचा बराचसा वेळ बसमध्ये आणि मधाच्या, नारळाच्या वड्यांच्या दुकानांत जातो. त्रिभुज प्रदेश पाहायचा तर कान थो किंवा बेन चे येथे दोन रात्री तरी राहिले पाहिजे, आणि तेवढे दिवस तुमच्याकडे नाहीत.

निन्ह बिन्ह हनोईपासून रेल्वेने दोन-सव्वादोन तासांवर आहे, आणि बहुतेक लोक ते एका दिवसात उरकतात, हे मला मनापासून चुकीचे वाटते. चांग आन हा तिथला जलमार्ग २०१४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. चार प्रवाशांच्या होडीतून सुमारे तीन तास चुनखडीच्या बुटक्या बोगद्यांतून जाताना अनेकदा मान खाली घालावी लागते. सकाळी साडेसातला गेलात तर धुके आणि पाण्याचा आवाज एवढेच असते. दहा वाजता हनोईच्या बसगाड्या येतात आणि त्याच पाण्यावर होड्यांची रांग लागते. जवळच्या तामकॉकला वल्हवणाऱ्या बायका मागे रेलून पायांच्या तळव्यांनी वल्ही मारतात. टाच वल्ह्याच्या दांड्यावर टेकवून, गुडघा वाकवून पुन्हा सरळ करत त्या दीड-दोन तास एका लयीत होडी नेतात आणि हात मोकळे ठेवून छत्री धरतात किंवा फोनवर बोलतात. शेवटी त्यांना पन्नास हजार डाँगची बक्षिसी द्यावी. काटकसरीची जागा ही नव्हे. भातशेतीच्या कडेला असलेल्या घरगुती निवासांत सायकल अनेकदा फुकट मिळते आणि हा सगळा परिसर सपाट असल्यामुळे दोन दिवस सायकलवर सहज भागते.

निन्ह बिन्हहून पुढे रात्रीची गाडी घ्या. हनोई-सैगॉन हा १,७२६ किलोमीटरचा एकेरी, मीटरगेज लोहमार्ग फ्रेंचांच्या काळात १९३६ मध्ये पूर्ण झाला, युद्धात तुकडे तुकडे झाला आणि देश एक झाल्यावर १९७६ च्या अखेरीस पुन्हा सलग सुरू झाला. आज पूर्ण प्रवासाला तेहतीस ते पस्तीस तास लागतात. तिकीट व्हिएतनाम रेल्वेच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढावे. मधले दलाल त्यावर बरीच रक्कम चढवतात. सहा बर्थच्या डब्यातला सर्वात वरचा बर्थ सर्वात स्वस्त असतो, पण तिथे उठून बसता येत नाही, म्हणून थोडे जास्त देऊन मधला घ्यावा. रात्रीच्या प्रवासाने खाटेचे पैसे वाचतात हे सगळे सांगतात. गाडी पहाटे साडेतीनला पोहोचली तर खोली दुपारी दोनपर्यंत मिळत नाही, आणि मग वाचलेले पैसे जास्तीच्या खोलीत जातात. म्हणून गाडी निवडताना सुटण्याची वेळ न पाहता पोहोचण्याची वेळ पाहावी, आणि ती सकाळी सहानंतरची असावी.

डाँग होई स्थानकावर उतरून फाँग न्हाला बसने जाता येते. सन डूंग ही जगातली सर्वात मोठी ज्ञात गुहा याच राष्ट्रीय उद्यानात आहे, पण तिच्या मोहिमेचा खर्च तुमच्या सबंध प्रवासाच्या दुपटीहून जास्त आहे. फाँग न्हा गुहेत नदीवरून होडी आत जाते, होडीचे भाडे बारा जणांत वाटले जाते, म्हणून धक्क्यावर थांबून दुसऱ्या प्रवाशांबरोबर गट करावा.

ह्युए ते दा नांग (होई आनला जाण्यासाठी इथेच उतरायचे) हा टप्पा मात्र कोणत्याही परिस्थितीत दिवसा आणि रेल्वेनेच करा. बस २००५ मध्ये उघडलेल्या बोगद्यातून डोंगर ओलांडते आणि काही दिसत नाही. रेल्वे हाई वान घाटाला समुद्राच्या बाजूने वळसा घालते, झाडीत शिरते, पुन्हा बाहेर येते, आणि खाली खडकांवर फुटणारे पाणी दिसत राहते. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी हवी. अंतर शंभर किलोमीटर, वेळ अडीच-तीन तास आणि बसण्याच्या जागेचे भाडे चार-पाचशे रुपये. या प्रवासात इतक्या कमी पैशांत इतके दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

होई आनला चार रात्री ठेवा आणि त्यातली एक सकाळ ‘मी सन’ या प्राचीन मंदिरसमूहासाठी राखा. आपल्याकडच्या वाचकांना हे ठिकाण इतर कोणत्याही परदेशी प्रवाशापेक्षा जास्त बोलते. चाम राजांनी चौथ्या शतकापासून इथे शिवमंदिरे बांधली. राजा पहिला भद्रवर्मा याने स्थापलेल्या लिंगाचे नाव भद्रेश्वर, आणि अनेक शिलालेख संस्कृतात आहेत. १९६९ मधल्या अमेरिकन बाँबफेकीत मुख्य मंदिर कोसळले. गेल्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने काही मंदिरसमूहांचे जतन केले आणि २०२० मध्ये त्याच कामात एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. विटांवर विटा घट्ट बसवून, मध्ये चुन्याचा थर दिसू न देता उभारलेल्या त्या भिंतींवर हात न लावता जवळून नजर फिरवा. प्रवेश सुमारे दीड लाख डाँग आहे. आधी दा नांगचे चाम शिल्पसंग्रहालय पाहिले तर मी सनच्या रिकाम्या कोनाड्यांत काय होते ते कळते, म्हणून क्रम तोच ठेवा.

शाकाहारी मैत्रिणीने काळजी करू नये, पण गाफीलही राहू नये. पाटीवर ‘चाय’ असे रोमन अक्षरांत दिसले की ती शाकाहारी खानावळ. चहाशी तिचा संबंध नाही. बौद्ध परंपरेमुळे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक कुटुंबे मांस टाळतात, त्यामुळे लहान गावातही अशी एखादी खानावळ असते आणि त्या दोन दिवशी तिथे रांग लागते. इतर ठिकाणी मासे आंबवून केलेला नुओक माम हा रस जवळपास सगळ्यात असतो, नुसती भाजी मागितली तरी. म्हणून ‘तोय आन चाय’, म्हणजे मी शाकाहारी खाते, हे वाक्य फोनवर त्यांच्या लिपीत लिहून दाखवावे. सर्वात स्वस्त आणि खरे जेवण दुपारच्या भाताच्या खानावळीत मिळते. काचेमागे दहा-पंधरा ट्रे मांडलेले असतात, ताटलीत भात वाढलेला असतो आणि आपण बोट दाखवायचे : टोमॅटोच्या रसातले टोफू, लसूण घालून परतलेली नाळीची भाजी, जी कोकणातल्या वाचकांना लगेच ओळखू येईल, वाफवलेला कोबी. सोबत वाटीभर पातळ सूप आणि बर्फाचा चहा. पस्तीस ते पन्नास हजार डाँगांत पोट भरते. साडेअकराला जावे, एक वाजेपर्यंत चांगले ट्रे रिकामे होतात.

पैशांबाबत थोडे. रुपये तिथे बदलू नका. करकरीत, न दुमडलेले डॉलर न्या आणि बँकेत किंवा परवानाधारक केंद्रावरच बदला. यूपीआयवर विसंबू नका. एटीएममधून एका वेळी बहुधा वीस-तीस लाख डाँगच निघतात आणि दर वेळी शुल्क लागते, म्हणून कमी वेळा आणि मोठी रक्कम काढावी. पाच लाखांची आणि वीस हजारांची नोट, दोन्ही निळसर असतात; संध्याकाळच्या अंधुक उजेडात टॅक्सीवाल्याला एकीऐवजी दुसरी दिली जाते. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवल्या की हा धोका संपतो. शहरात ग्रॅब या टॅक्सी बोलावण्याच्या ॲपवर भाडे आधी दिसते, त्यामुळे घासाघीस टळते. विमानतळावरून मात्र हनोईत ८६ क्रमांकाची बस घ्या, टॅक्सीच्या कितीतरी कमी पैशांत ती जुन्या शहराजवळ सोडते.

सॅक सात किलोंच्या आत ठेवा. स्वस्त विमानात हाताच्या सामानाचे वजन खरोखर केले जाते, आणि वजन वाढले तर विमानतळावर भरावे लागणारे पैसे तिकिटाच्या बचतीवर पाणी फिरवतात. चार जोड कपडे पुरतात, कारण प्रत्येक गावात किलोवर कपडे धुऊन देणारी दुकाने आहेत.

दोघी मुलींनी फिरण्याच्या दृष्टीने हा देश सुखकर आहे. बहुतेक वसतिगृहांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या असतात आणि रात्री नऊ-दहाला रस्त्यांवर कुटुंबे बसलेली असतात. जपायचे ते फोनला, विशेषतः सैगॉनमध्ये, जिथे दुचाकीवरून येऊन हातातला फोन हिसकावला जातो. नकाशा पाहायचा तर दुकानाच्या आत शिरून पाहावा.

व्हिसासाठी सरकारी संकेतस्थळ एकच आहे आणि त्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असते. एका प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर. ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा नव्वद दिवसांपर्यंत मिळतो. तसेच दिसणारी खासगी संकेतस्थळे दुप्पट-तिप्पट घेतात. आपल्या पारपत्रात पुष्कळदा नावाच्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र असते; अर्जात ते जसेच्या तसे, एकही अक्षर न गाळता भरा, कारण चूक निघाली तर शुल्क परत न मिळता नव्याने अर्ज करावा लागतो. अर्ज प्रवासाच्या तीन आठवडे आधी करून छापील प्रत जवळ ठेवा. हॉटेलात पोलीस नोंदीसाठी पारपत्र मागतील; नोंद झाल्यावर ते लगेच परत मागून घ्यावे. आणखी एक गोष्ट : १ जुलै २०२५ पासून तिथले ६३ प्रांत आणि शहरे एकत्र करून ३४ केली आहेत, त्यामुळे होई आन आता दा नांग शहरात आणि हा जांग तुयेन क्वांग प्रांतात मोडते. पत्त्यांत जुनी आणि नवी दोन्ही नावे आढळतील, गोंधळू नका.

निघण्यापूर्वी इथून फक्त विमान, व्हिसा, विमा, हनोईतल्या पहिल्या तीन रात्री आणि निन्ह बिन्ह ते डाँग होई ही रात्रीची गाडी एवढेच पक्के करा. हा जांगचा चालक, कॅट बाची बोट आणि पुढची सगळी निवासस्थाने दोन-तीन दिवस आधी तिथूनच ठरवावीत; मार्चमध्ये जागा मिळते, दर समोरासमोर कळतो, आणि एखाद्या गावात आणखी एक दिवस राहावेसे वाटले तर आधी भरलेले पैसे आड येत नाहीत.